८ मीटरच्या दुर्बिणीतूनही एम१५ च्या गाभ्यातले तारे सुटे दिसत नाहीत?

ध्रुवमत्स्य
गेली सहा वर्षं दहा इंची डॉब्सोनियनमधून (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) मी मुख्यतः गोलाकार तारकागुच्छच बघतोय, म्हणजे लाखो ताऱ्यांचे गच्च गोळे. शौरी तारकासमूहातला एम१३ दोनशे पट वर्धनाला थेट आतपर्यंत दाण्यादाण्यांनी भरलेला दिसतो, आयपीसवरून डोळा काढवत नाही. महाश्व तारकासमूहातला एम१५ मात्र हट्टी आहे. कडेचे तारे टिपता येतात, पण मधे नुसता घट्ट उजेड.

म्हणून एका ८ मीटर दुर्बिणीच्या खुल्या संग्रहातून एम१५ ची फिट्स फाइल (खगोल-प्रतिमांचा मूळ आकड्यांसह साठा) उतरवली. लाल फिल्टर, ६० सेकंदांचं एक्स्पोजर. आता तरी गाभा उलगडेल असं वाटलं होतं, पण उघडली तर मधोमध पांढरा गोळा. अवकाशातल्या हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, तरी त्याच्या प्रतिमांत तिथले तारे वेगवेगळे दिसतात. मग एवढा मोठा आरसा जमिनीवर ठेवून गुच्छांच्या बाबतीत मिळतं तरी काय?

ज्येष्ठा_१९
आधी गोळ्यातल्या पिक्सेलचे आकडे बघा. सगळीकडे ६५,५३५ किंवा असा एकच आकडा असेल, तर डिटेक्टर तुडुंब भरलाय आणि तिथली माहिती कायमची गेली. एम१५ मधले लाल राक्षसी तारे (म्हातारे, फुगलेले, फार तेजस्वी) १३व्या प्रतीच्या आसपासचे आहेत (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद), त्यांना ८ मीटरवर ६० सेकंद फार झाले. त्याच रात्रीचं एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर शोधा, बहुधा असतंच.

चौथा_प्रहर
वरचं बरोबर आहे, पण छोट्या एक्स्पोजरमध्येही गाभा पूर्ण सुटणार नाही.

८.२ मीटरचा आरसा दृश्य प्रकाशात ०.०१७ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) इतका बारकावा दाखवू शकतो, पण मधे वातावरण नसेल तरच. चांगल्या जागी, चांगल्या रात्री सीइंग, म्हणजे वातावरणाच्या थरथरीने येणारा धूसरपणा, ०.६ आर्कसेकंद मिळतं. म्हणजे प्रत्येक तारा तेवढा पसरतो. हा बारकावा साधारण २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीचा झाला! तुमची दहा इंची आणि ती ८ मीटरची, तारे सुटे करण्यात जवळजवळ बरोबरीच्या. मोठ्या आरशाने प्रकाश हजार पट मिळतो, पण ताऱ्याचा ठिपका लहान होत नाही.

त्यात एम१५ चा गाभा कोसळलेला, ताऱ्यांची घनता मध्याकडे वाढतच जाते. सूर्यासारखा तारा तिथे २०व्या प्रतीचा. शेजारच्या लाल राक्षसी ताऱ्याहून सात प्रतींनी मंद, म्हणजे सुमारे ६०० पट फिका. राक्षसाच्या पसरलेल्या उजेडाखाली असे डझनभर तारे गाडले जातात.

विद्यार्थी असताना मला एका मोठ्या दुर्बिणीवर तीन रात्री मिळाल्या होत्या. पहिल्या रात्री सीइंग ०.५५, आम्ही आनंदाने थेट गाभ्यावर गेलो. तिसऱ्या रात्री वारा फिरला आणि ते १.४ वर गेलं. घुमट उघडा, आकाश निरभ्र, आणि गाभ्याची प्रत्येक प्रतिमा मऊ लोण्यासारखी. पहाटेपर्यंत आम्ही बाहेरच्या कडेचेच तारे घेत बसलो. पुढे प्रबंधात तीच कडेची मोजणी सगळ्यात भरवशाची ठरली. गाभ्यातल्या रंग-प्रत आलेखात (ताऱ्यांचा रंग विरुद्ध तेज) मुख्य क्रमाची, म्हणजे सूर्यासारख्या सामान्य ताऱ्यांची, रेघ इतकी जाड झाली होती, की तिच्यावरून काही म्हणणं अप्रामाणिक ठरलं असतं.

आता मिळतं काय? वर्णपट, म्हणजे रंगांत फोडलेला ताऱ्याचा प्रकाश. हबलच्या साडेअकरा पट प्रकाश गोळा होतो, तो फोडून एकेका ताऱ्याचं रसायन वाचता येतं. एकाच गुच्छातल्या काही ताऱ्यांत सोडियम जास्त आणि ऑक्सिजन कमी आहे, म्हणजे गुच्छ एकाच दमात, एकाच मिश्रणातून घडलेला नाही, हे जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणींनीच पक्कं केलं. २०१८ मध्ये चिलीतल्या पारानाल वेधशाळेच्या म्यूज या वर्णपट उपकरणाने एनजीसी ३२०१ या गोलाकार गुच्छातला एक तारा १६७ दिवसांत न दिसणाऱ्या जोडीदाराभोवती फिरताना पकडला. जोडीदार सूर्याच्या चौपटीहून जड, म्हणजे कृष्णविवर. प्रतिमेत तो तारा कोणाच्याही डोळ्यांत भरला नसता. त्याचा वेग मागे-पुढे होत होता, ते वर्णपटात दिसलं. मला तर गाभ्याच्या कुठल्याही सुंदर चित्रापेक्षा हे मोठं वाटतं.

ध्रुवमत्स्य
आकडे बघितले. गोळ्यात खरंच ६५,५३५ ची सपाट पठारं आहेत. फाइलच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या नोंदींत) सीइंग ०.९. पण आकाशात लेझरचा झोत सोडून प्रतिमा सुधारतात ना? ते इथे चालत नाही का?

चौथा_प्रहर
चालतं, आणि गुच्छांवर फार छान चालतं. ५८९ नॅनोमीटरचा लेझर सुमारे ९० किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थराला उजळवतो. त्या कृत्रिम ताऱ्यावरून वातावरणाची थरथर मोजून दुर्बिणीतला एक लवचिक छोटा आरसा सेकंदाला शेकडो वेळा वाकवतात. संपूर्ण प्रतिमा इकडून तिकडे सरकते ती मात्र लेझरला कळत नाही, त्यासाठी खरा तारा लागतो. गुच्छात असे तारे भरपूर! चिलीतल्या जेमिनी साउथ या ८ मीटर दुर्बिणीवर एकदम पाच लेझर तारे वापरून साधारण दीड कलेचं (कला म्हणजे ६० आर्कसेकंद) क्षेत्र सुधारतात. अडचण एवढीच, की सुधारणा अवरक्तात उत्तम होते, दृश्य प्रकाशात अवघड. २.२ मायक्रॉनला ८ मीटरचा बारकावा ०.०७ आर्कसेकंदांच्या जवळ जातो, म्हणजे हबलच्या दृश्य प्रकाशातल्या बारकाव्याच्या जवळपास. तुमची फाइल लाल फिल्टरची, साध्या कॅमेऱ्याची. तिच्यात हे नव्हतं.

ज्येष्ठा_१९
छोटं एक्स्पोजर सापडलं का?

ध्रुवमत्स्य
सापडलं, २ सेकंदांचं. पठारं गेली. मध्यापासून अर्ध्या कलेच्या आत अजूनही कालवाकालव आहे, पण दोन कलांच्या पुढे तारे स्वच्छ सुटे आहेत. तिथूनच मोजायला घेतलेत. काल रात्रीपर्यंत ३१२ झाले.