गेल्या वर्षी गेलेली माणसे आणि आपल्या घरात राहिलेल्या त्यांच्या सवयी

२०२५ संपले तेव्हा आम्ही नागपूरच्या काही वाचनवेड्या मंडळींनी एकमेकांकडून लेखी आठवणी मागवल्या. वर्षभरात जी नामवंत माणसे गेली त्यांपैकी कोणाविषयीही लिहावे, मात्र मृत्युलेख लिहू नये, एवढीच अट होती. कोणते पुरस्कार मिळाले आणि कोणती पदे भूषवली हे दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून येते, आणि तिसऱ्या दिवशी त्याच कागदावर घरात शेंगा सोलल्या जातात. त्या माणसाची एखादी सवय, एखादा शब्द किंवा एखादा हट्ट आपल्या घरात शिरला असेल तर तो लिहावा, असे सुचवले होते. प्रत्यक्ष भेट झालेली असण्याची गरज नव्हती. लिहिणाऱ्यांपैकी कोणाचीही ती झालेली नाही.

२० मे रोजी पुण्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर गेले आणि महिना भरतो न भरतो तोच, १८ जूनला, सोलापुरात वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली गेले. चितमपल्ली जन्माने सोलापूरचे असले तरी कितीतरी वर्षे ते नागपुरात राहिले, म्हणून त्यांच्याविषयीच सर्वांत जास्त मजकूर येईल असा माझा अंदाज होता. तसे झाले नाही. दोघांचे पारडे सारखेच राहिले. दोघेही पेशाने साहित्यिक नव्हते, तरी दोघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, चितमपल्ली २००६ मध्ये सोलापूरला आणि नारळीकर २०२१ मध्ये नाशिकला. डिसेंबरात शिल्पकार राम सुतार गेले. त्यांच्याविषयी एका ओळीचाही मजकूर आला नाही याचे मला वाईट वाटले. धुळे जिल्ह्यातील एका खेड्यातून निघालेल्या आणि वयाची शंभरी ओलांडलेल्या या माणसाने १८२ मीटर उंचीचा पुतळा घडवला, पण पुतळ्याखाली उभे राहून छायाचित्र काढणाऱ्याला घडवणाऱ्याचे नाव विचारावेसे वाटत नसावे.

पुढील मजकूर थोडा आटोपशीर केला आहे. लिहिणाऱ्यांची नावे त्यांच्याच इच्छेवरून गाळली आहेत.

धरमपेठ, गणिताच्या शिक्षिका

१९९३ मध्ये मी आठवीत होते. नारळीकर मुलांना वहीत स्वाक्षरी देत नाहीत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा एखादा प्रश्न लिहून पाठवायला सांगतात आणि उत्तर लिहून त्याखाली सही करतात, असे आमच्या विज्ञानाच्या बाईंनी वर्गात सांगितले. मी त्याच संध्याकाळी पंधरा पैशांचे कार्ड आणले आणि ‘आयुका, गणेशखिंड, पुणे’ हा त्यांच्या संस्थेचा पत्ता सुवाच्य अक्षरात लिहिला. प्रश्न मात्र सुचेना. चंद्र आपल्याबरोबर का चालतो, असे लिहिले, तर वडील म्हणाले, आधी शाळेच्या ग्रंथालयात बघ, इतक्या मोठ्या माणसाला हे कशाला विचारायचे? ग्रंथालयात उत्तर सापडले आणि ते कार्ड वाया गेले. सूर्य कधी विझेल हा दुसरा प्रश्न होता. त्याचेही उत्तर एका पुस्तकात मिळाले. तिसऱ्या कार्डावर मी लिहिले की तारे जर असंख्य असतील, तर आकाशात कोठेही पाहिले तरी एखादा तारा समोर यायला हवा. मग रात्र काळी का असते? हा प्रश्न पुस्तकात सापडला नाही. तो फार बालिश आहे असे वाटून मी कार्ड टाकलेच नाही.

बी.एस्सी.ला गेल्यावर कळले की हा ओल्बर्सचा प्रसिद्ध विरोधाभास आहे. विश्वाला ठरावीक वय आहे, त्यामुळे फार दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत अजून पोहोचलेला नाही, हे आज बहुतेकांना मान्य असलेले त्याचे मुख्य उत्तर आहे. गंमत अशी की नारळीकरांना महास्फोटाने सुरू झालेले, वय मोजता येईल असे विश्व मान्य नव्हते. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी आयुष्यभर दुसरी मांडणी केली, आणि ज्या १९९३ साली मी ते कार्ड दप्तरात दडवून ठेवले, त्याच साली हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी आपल्या सिद्धान्ताचे नवे रूप प्रसिद्ध केले होते. विश्वाच्या प्रसरणामुळे दूरच्या प्रकाशाची ऊर्जा क्षीण होते, या बाजूने त्यांनी मला समजावले असते काय, हे आता कळायचे नाही. मी माझ्या वर्गात अजूनही मुलांना कार्डावर प्रश्न लिहायला लावते आणि उत्तर स्वतः शोधून न सापडल्यासच माझ्याकडे आणायला सांगते. वीसपैकी सतरा कार्डे परत येत नाहीत, म्हणजे पद्धत चालते असे मी धरते.

महाल, एका ज्योतिषीबुवांचा पुतण्या

आमच्या काकांकडे पत्रिका दाखवायला वाड्याच्या ओसरीवर रांग लागत असे. २००८ मध्ये नारळीकरांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह जी चाचणी घेतली, तिची बातमी मीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या होत्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील चाळीस पाठवल्या आणि कोणती कोणत्या गटातली एवढेच विचारले. उत्तरे पाठवणारे २७ जण होते आणि सरासरी यश ४६ टक्के आले. काकांनी पान लावता लावता विचारले, “नाणे उडवले असते तर किती आले असते?” मी म्हटले, पन्नासच्या आसपास. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांनी व्यवसाय सोडला असे मी लिहिले तर ते खोटे होईल. त्यांनी एक लांबट हिशेबाची वही आणली आणि प्रत्येक भाकीत तारीख घालून लिहू लागले. एका रकान्यात ‘वर्तवले’, दुसऱ्यात ‘घडले’. दुसरा रकाना भरायचा म्हणजे लोकांना पुन्हा गाठून विचारावे लागे, आणि ते विचारायला मला सायकलवर इतवारीपर्यंत पिटाळले जाई. दोन वर्षांनी ती वही माळ्यावर गेली. नंतर काका मुहूर्त तेवढे काढत. नोकरी लागेल काय, असे कोणी विचारले की “अभ्यास कर, बापा” म्हणत. मे महिन्यात नारळीकरांची बातमी आली तेव्हा पारा चढलेला असूनही मी माळ्यावर चढलो आणि ती वही खाली काढली. दुसऱ्या रकान्यातील अर्ध्याहून अधिक जागा कोऱ्या आहेत.

त्रिमूर्तीनगर, निवृत्त बँक कर्मचारी

मला अच्युत पोतदारांविषयी थोडेच लिहायचे आहे. १८ ऑगस्टला ते ठाण्यात गेले. प्राध्यापकी, मग सैन्यात कॅप्टन, मग इंडियन ऑइलमध्ये पंचवीस वर्षे नोकरी, आणि अभिनय चाळिशी उलटल्यावर. निवृत्तीनंतर मी हौशी नाट्यसंस्थेत जायला लागलो तेव्हा मुलगा हसला होता. त्याला मी हा हिशेब सांगितला. तो अजूनही हसतो, पण प्रयोगाला येतो.

कळमना परिसर, एका माथाडी कामगाराचा मुलगा

८ डिसेंबरला पुण्यात बाबा आढाव गेले, तेव्हा माझ्या वडिलांनी दोन्ही वेळचे जेवण घेतले नाही. बाबांना त्यांनी कधी जवळून पाहिले नव्हते. पुण्याच्या हमाल पंचायतीचे नाव मात्र आमच्या घरात मी अक्षरे ओळखायच्या आधीपासून ऐकत होतो.

वडील आधी इतवारीत आणि नंतर कळमन्याच्या बाजारात पोती वाहत. ट्रकच्या फळीवरून उतरताना पोते मानेच्या नेमक्या कोणत्या मणक्यावर बसले पाहिजे, हे ते मला बोट लावून दाखवत. तिथली कातडी तळहातासारखी जाड झालेली होती. एका हातात आकडा, डोक्यावर बारदान्याची घडी, आणि शंभर किलोचे धान्य. थप्पी लावताना वरच्या थराला ते पोते खांद्याच्याही वर उचलून फेकावे लागे. पोत्याचे वजन पन्नास किलोवर आणावे, ही मागणी बाबांनी वर्षानुवर्षे लावून धरली होती. बाजारात पन्नासची पोती दिसू लागली तेव्हा काही व्यापारी म्हणाले की आता खेपा दुप्पट होतील. वडिलांचे त्यावर म्हणणे असे होते, की खेप मोजता येते, मणका मोजता येत नाही.

१९६९ च्या माथाडी कायद्याने मंडळे स्थापन झाली. मालकाने मजुरी मंडळात भरायची, तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, भरायची, आणि त्यातून भविष्य निर्वाह निधी, बोनस आणि रजेचा पगार मिळायचा, अशी ती व्यवस्था. कागदावर ती उत्तम आहे. एका दुकानात मात्र वडिलांच्या नावावर सात महिने लेव्ही भरली गेली नव्हती. ती वसूल करायला ते चौथी शिकलेल्या अक्षरात अर्ज लिहून, काम बुडवून, अकरा वेळा गेले. ते अर्ज मी जपून ठेवले आहेत, कारण माझ्या अकरावीच्या प्रवेशाचे पैसे त्यांतूनच आले.

बाबांच्या ‘एक गाव एक पाणवठा’ मोहिमेविषयी आई अधिक बोलते. तिच्या माहेरी विहिरीवर तिची आजी ओंजळ धरून उभी राहत असे आणि वरून कोणीतरी पाणी ओतत असे. ती स्वतः मात्र आपल्या हाताने दोर सोडून पाणी काढत मोठी झाली. मध्ये काय घडले, कोणी केले, हे तिला नेमके सांगता येत नाही. आज आमच्या घरी सामान चढवायला कोणी आले की आई आधी तांब्या पुढे करते, आणि वडील विचारतात, “किती किलोचे आहे?” एवढेच आमच्या घरात शिरले, असे समजावे.

अंबाझरी, पक्षिनिरीक्षणाचा छंद असलेला एक वाचक

चितमपल्लींवर सगळेच गहिवरून लिहितील, म्हणून मी तक्रार लिहितो. त्यांच्या लेखनात स्वतः पाहिलेले आणि गोंड किंवा ढिवर म्हाताऱ्याकडून ऐकलेले यांच्यातली रेषा पुष्कळदा पुसट असते. अंबाझरीच्या काठावर मी तरुण मुलांबरोबर जातो, तेव्हा त्यांच्या एखाद्या पुस्तकातले काहीतरी विलक्षण मला ऐकवले जाते आणि ‘हे त्यांनी पाहिले होते की त्यांना सांगितले होते?’ असे विचारण्याची पाळी माझ्यावर येते. मुलांना ते आवडत नाही.

मात्र हेही खरे की आपल्या भाषेत पक्ष्यांसाठी शब्दच नव्हते अशी जी आमची सोयीची समजूत होती, ती त्यांनी मोडून काढली. शब्द होते, ते तलावावर मासे धरणाऱ्यांकडे होते आणि आम्ही त्यांना विचारत नव्हतो. पक्षिकोशाच्या कामात त्यांनी घातलेली वर्षे मी पक्षिगणनेच्या प्रत्येक फेरीला वापरतो. त्यांच्या जन्मदिवसापासून, ५ नोव्हेंबरपासून, सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे १२ नोव्हेंबरपर्यंत, राज्यात पक्षी सप्ताह पाळला जातो. २०२५ मध्ये तो पहिल्यांदाच त्यांच्यावाचून पार पडला. माझ्या वहीत मी आता दोन खुणा करतो: पाहिले त्याला ‘पा’, ऐकले त्याला ‘ऐ’. ही सवय त्यांच्यावर रागावून लागली, पण लागली त्यांच्यामुळेच.

अजनी, रेल्वेतून निवृत्त

विनोद कुमार शुक्ल यांचे २३ डिसेंबरला रायपूरला निधन झाले. ते हिंदीचे, पण गोंदिया ओलांडून डोंगरगड लागले की राजनांदगाव येते, आणि त्या गावाशी आपले नाते जुने आहे. नागपुरात आकाशवाणीत आणि साप्ताहिकात उमेदीची वर्षे काढून मुक्तिबोध तेथील महाविद्यालयात शिकवायला गेले. मराठी घरातला हा माणूस हिंदीचा मोठा कवी झाला, आणि राजनांदगावच्या तरुण शुक्लांनी आपल्या कविता प्रथम त्यांना दाखवल्या. मी त्या मार्गावर कित्येक वर्षे गाडीबरोबर गेलो. राजनांदगावला गाडी थोडाच वेळ थांबते. त्या थांब्यात फलाटावरची साधी माणसे नीट पाहायची, हे मी शुक्लांची पुस्तके वाचल्यानंतर सुरू केले. शेंगदाणे विकणारी एक बाई सुटे पैसे ओच्यात बांधताना गाठ दोनदा तपासत असे. तिला मी कितीतरी फेऱ्यांत पाहिले.

मानेवाडा, सेवानिवृत्त वनपाल

मी खात्यात वनरक्षक म्हणून लागलो ते १९९१ साली. त्याच्या आदल्याच वर्षी चितमपल्ली साहेब निवृत्त झाले होते. माझी पहिली नेमणूक गोंदियाच्या बाजूला होती (तेव्हा तो भंडारा जिल्हाच होता). नवेगावबांधला ते कसे पायी फिरत, याच्या गोष्टी जुने वनमजूर सांगत. त्यांतील किती खऱ्या हे वरील अंबाझरीचे गृहस्थ ठरवतील.

माझ्या बीटमध्ये एका गावाला लागून चिंचेचे मोठे झाड होते. पावसाळा लागला की त्यावर उघड्या चोचीचे करकोचे घरटी बांधत. चोचीचे दोन्ही भाग मिटले तरी मध्ये फट राहते, आणि गोगलगाई धरायला ती चोच कामी येते. झाडाखाली गोगलगाईंच्या शंखांचा खच पडे, पाने विष्ठेने पांढरी होत आणि सप्टेंबरात असा वास सुटे की पाटलांचे घर खिडक्या लावून बसे. झाड तोडून द्या, असा अर्ज दर वर्षी येई. मी दैनंदिनीत ‘करकोच्यांची घाण, ग्रामस्थांची तक्रार’ असे लिहीत असे. आमच्या परिक्षेत्र अधिकाऱ्यांनी एकदा ती ओळ लाल पेनाने खोडली आणि वर ‘सारंगागार’ असे लिहिले. हा शब्द कोठला, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी चितमपल्ली साहेबांचे नाव सांगितले. सारंगागार म्हणजे अशा पाणपक्ष्यांची वसाहत, आणि कावळ्यांच्या वसाहतीला त्यांनीच ‘काकागार’ म्हटले आहे, असेही सांगितले.

शब्द बदलल्याने वास कमी झाला नाही. पण पुढच्या वर्षी अर्ज आला तेव्हा मी गावच्या सभेत सांगितले की तुमच्या गावात सारंगागार आहे, असे साऱ्या तालुक्यात मोजकेच असतील. हा शब्द पाटलांना आवडला. त्यांनी तो शाळेच्या फळ्यावर लिहवून घेतला, आणि अर्ज द्यायचा राहून गेला.

१८ जूनला रात्री मुलीने बातमी सांगितली. शाळा अजून उघडल्या नव्हत्या, पाऊसही लांबला होता. सकाळी मी पाटलांच्या मुलाला फोन केला आणि पक्षी आले काय, असे विचारले. तो म्हणाला, काल चार आले, काड्या गोळा करताहेत.