शब्दचर्चा : दोन वाटांनी चालणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणावं?

आत्याची भाची

मंडळी, एका वाक्यावर घरात चार दिवस घोळ चाललाय. आत्याच्या वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढतोय. आत्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकली आणि तिथेच तिला नव्या कराराची गोडी लागली. पहाटे शुभवर्तमानातला एक उतारा, संध्याकाळी दिवा लावून हरिपाठ, असं तिचं पन्नासेक वर्षं चाललं. साठी उलटल्यावर इगतपुरीची दहा दिवसांची विपश्यना शिबिरंही दोनदा करून आली. बाप्तिस्मा घेतला नाही, गळ्यात माळही घातली नाही. "तू नक्की कोण?" असं कुणी विचारलं की म्हणायची, "मी नाईट ड्युटीवाली."

काकांनी मसुद्यात लिहिलंय, "त्या सर्वधर्मसमभाव मानत." मला ते पटत नाही. तो शब्द शाळेच्या फळ्यावरचा वाटतो. चुलतभावाने "मिश्र श्रद्धा" सुचवलं, ते तर बियाण्याच्या पाकिटावरचं वाटतं. नेमका शब्द कोणता?

कोशातला किडा

काकांचा शब्द चूक नाही, पण तो दुसऱ्याच गोष्टीचा आहे. समभाव म्हणजे सगळ्यांकडे सारख्या नजरेने बघणं. माणूस स्वतः एकच धर्म पाळून, किंवा एकही न पाळता, समभाव ठेवू शकतो. गांधीजींच्या एकादश व्रतांत "सर्वधर्मी समानत्व" येतं ते याच अर्थाने, दुसऱ्याच्या धर्माशी कसं वागावं यासाठी. तुमच्या आत्या नुसत्या बघत नव्हत्या, दोन्हीकडे जेवत होत्या.

बाकीचे शब्द एकेक करून बघू.

"समन्वय" हा मोठ्या घराण्यातला. ब्रह्मसूत्रांतलं चौथंच सूत्र "तत्तु समन्वयात्". वरवर निरनिराळं सांगणारी वचनं शेवटी एकाच ठिकाणी कशी पोहोचतात, ते दाखवायचं. हे पंडिताचं काम. आत्यांनी शुभवर्तमानातला योहान आणि हरिपाठातले ज्ञानदेव यांचा मेळ घालणारं टिपण लिहून ठेवलं असेल तर खुशाल वापरा. नसेल तर नको. शिवाय आजकाल "समन्वयक" म्हटलं की डोळ्यांपुढे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला माणूस येतो.

"संकर" मुळीच नको. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन "संकरो नरकायैव" म्हणून मोकळा झालाय, तेव्हापासून या शब्दाचा डाग निघालेला नाही. शेतीखात्याने "संकरित" शब्दाला थोडी प्रतिष्ठा दिली, पण ती गाईला आणि ज्वारीला.

"भेसळ" दुधात होते. "सरमिसळ" सौम्य आहे, पण त्यात बेफिकिरी येते, कपाटातल्या कपड्यांसारखी. पन्नास वर्षं ठरल्या वेळी चाललेल्या गोष्टीला सरमिसळ म्हणवत नाही.

"सारग्राही" बघा. विनोबांनी "कुराणसार" आणि "ख्रिस्तधर्मसार" काढलं, तिथला "सार". आणि त्यांच्या "ॐ तत् सत्" प्रार्थनेत नारायण, बुद्ध, मज्द, येशू, रहीम, ताओ असे सगळे एका दमात येतात. अडचण एवढीच की सार काढायचं म्हणजे चोथा टाकायचा. आत्या काही टाकत होत्या का?

आत्याची भाची

टाकत नव्हती. उलट पौलाची पत्रं तिला जड जायची, तरी ओळीने वाचायची. हरिपाठाचाही अभंग गाळायची नाही.

पारनाका

वसईकर कॅथलिक म्हणून दोन शब्द टाकतो, राग मानू नका.

पहिलं, "ख्रिस्ती" हा शब्द स्मरणिकेत घालू नका. आमच्यात ख्रिस्ती होणं ही वाचनाची गोष्ट नाही. स्नानसंस्कार होतो, नाव नोंदतात, एक मंडळी तुम्हाला आपलं म्हणते. आत्यांनी ते केलं नाही, म्हणजे विचार करूनच केलं नसेल. त्या निर्णयाचाही मान राहिला पाहिजे.

दुसरं, "मिसळ" फक्त तुमच्या आत्यांची असं समजू नका. आमची आजी चर्चला देऊळच म्हणायची. क्रूसाला खुरीस. देऊळ इथलं, खुरीस पोर्तुगीजांकडून आलेला, आणि दोन्ही शब्द एका वाक्यात शेजारी बसत, भांडत नसत. आजीला कुणी सांगितलं असतं की तुझी श्रद्धा मिश्र आहे, तर तिने त्याला आधी जेवायला वाढलं असतं आणि मग हाकललं असतं.

मिसळीची नावं बहुतेक बाहेरचा माणूस ठेवतो. आमच्या वाट्याला आलेलं क्रियापद तुम्हाला माहीत आहे, "बाटणे". घरात ते कुणी वापरत नाही.

नगरची

पारनाका, देवळावरून आठवलं. फादर स्टीफन्सनी १६१६ साली राचोलला "ख्रिस्तपुराण" छापलं ते ओव्यांत, आणि त्यात स्वर्गाला सरळ "वैकुंठ" म्हटलंय. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला होता. त्याला विष्णूचं वैकुंठ माहीत नव्हतं असं नाही. ऐकणाऱ्याला जी जागा आधीपासून ठाऊक आहे तिथूनच सुरुवात करायची, हा त्याचा हिशोब.

पण या धाग्यातला खरा पेच मला कवी ना. वा. टिळक आणि पंडिता रमाबाई यांच्यात दिसतो, म्हणून जरा लांबण लावते.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. "सेतू" हा शब्द नीट बघा. सेतूवरून पलीकडे गेलेला माणूस सेतू मोडत नाही. पलीकडे पोहोचूनही टिळक अभंगच लिहीत राहिले. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी "देवाचा दरबार" काढला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तशिष्यांसाठी. म्हणजे तुमच्या आत्यांसाठी शंभर वर्षांपूर्वी एका मराठी माणसाने सतरंजी अंथरून ठेवली होती. दोन वर्षांत, १९१९ साली, टिळक गेले. दरबार पुढे चालला नाही, पण शब्द राहिला. दरबारात कोण कुठल्या दाराने आला हे विचारत नाहीत.

आता पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा. तिथल्या सिस्टरांशी पत्रांतून त्यांचं जे चाललं ते वाचण्यासारखं आहे. क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, तर यांचं म्हणणं, लॅटिन का, संस्कृत का नको? शाकाहार सोडला नाही. चर्चची सभासद झाले म्हणून धर्मगुरूचा प्रत्येक शब्द मानायला बांधील नाही, हेही स्पष्ट कळवलं. आजच्या भाषेत आपण म्हणू, बाईंनी आपला धर्म आपण बांधला.

आणि याच रमाबाईंनी पुढे हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं तेव्हा काय केलं? वेदान्ताचा वास असलेले संस्कृत शब्द वेचून बाजूला ठेवले आणि साध्या बायकांना कळेल अशी मराठी घेतली. आयुष्याच्या शेवटापर्यंत ते काम चाललं, १९२२ साली त्या गेल्या, आणि १९२४ साली केडगावहून ते बायबल छापून निघालं. क्रूसावर संस्कृत मागणारी बाई आणि बायबलातून संस्कृत काढणारी बाई एकच. काहींना यात विसंगती दिसते, मला नाही दिसत. संस्कृत शब्दांच्या पोटात काय काय दडलेलं असतं हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ते पोटातलं नको असेल तर शब्दच नको, हा जाणकाराचा निर्णय आहे. टिळकांना तेच पोटातलं हवं होतं.

गंमत म्हणजे आश्रमाच्या दारावर मात्र नाव "मुक्ती".

कोशातला किडा

त्यावरून "तारण" आठवला. मराठी ख्रिस्ती प्रार्थनांत सारखा येतो. मूळ "तृ", तरून जाणे. भवसागर तरायचा तोच हा धातू, म्हणजे तो शब्दही सेतूवरूनच आलेला. आणि पतपेढीच्या पाटीवर "सोने तारण कर्ज". आमच्या गल्लीत एका भिंतीवर "तारण येशूतच आहे" आणि समोर "तारणावर त्वरित कर्ज" असं अनेक वर्षं आमनेसामने होतं. हसू नका, अर्थ दोन्हीकडे जवळचाच आहे : बुडू नये म्हणून धरून ठेवायची गोष्ट.

खुरपं

आम्ही कोकणातले, आम्हाला एकच शब्द सुचतो. कलम.

रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर बांधल्याचं सांगतो. कलमाचा खुंट रायवळ, वर फांदी हापूसची. दोन्ही जिवंत राहतात. कुणी म्हणत नाही की हा आंबा भेसळीचा आहे, उलट कलमाला भाव जास्त. आणि "हापूस" हे नाव पोर्तुगीज "अफोन्सो"वरून, "कलम" अरबीतून. झाड मात्र आमच्या परड्यातलं.

एक खोट सांगतो. कलमात खालचा खुंट दिसत नाही, नाव वरच्याचं होतं. आत्यांच्या बाबतीत खुंट कोणता आणि फांदी कोणती, हे ठरवायला बसलात की घरात पुन्हा चार दिवस.

आणि जोतीराव कसे राहिले सगळ्यांच्या बोलण्यातून? "गुलामगिरी"त त्यांनी येशूला बळीराजाच्या ओळीत बसवलंय, पश्चिमेकडचा दुसरा बळी. दिवाळीला आमची म्हातारी माणसं ओवाळताना म्हणतात, "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." प्रभूच्या प्रार्थनेत काय आहे? "तुझे राज्य येवो." क्रियापद तेच, "येवो". मी दोन्ही ऐकत वाढलो, शेजारी मिशनचं वसतिगृह होतं. लहानपणी मला ती एकच प्रार्थना वाटायची.

नगरची

खुरपं, हे सुंदर. जोतीरावांनी देवालाही नवा शब्द दिला, "निर्मिक". जुन्या कुठल्याच नावात बसेना म्हणून. आणि १८९१ साली, त्यांच्या मागे, छापलेल्या "सार्वजनिक सत्यधर्म" पुस्तकात ते घर आहे ना : बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे गोडीने एकत्र. तिथे एका घरात चार माणसं आहेत. भाचीबाईंच्या आत्या म्हणजे तेच घर एका माणसात.

पारनाका

बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय स्वतःला "हिंदू कॅथलिक" म्हणवत. सच्चिदानंद म्हणजेच त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा), असं संस्कृत स्तोत्र त्यांनी लिहिलं. दोन नामं शेजारी ठेवली, मधे "आणि"सुद्धा नाही. चर्चला ते रुचलं नाही, आणि हिंदू मंडळींनाही पचलं नाही. दोन नामं जोडून लिहिली की दोन्हीकडचे लोक पट्टी घेऊन मोजायला येतात.

कोशातला किडा

पारनाकांनी नेमकं बोट ठेवलं. आपण इतका वेळ नाम शोधतोय. मराठीत या बाबतीत क्रियापदंच जास्त बोलकी आहेत. धर्म *पाळतात*, देव *मानतात*, दीक्षा *घेतात*, माळ *घालतात*, गुरू *करतात*, वारी *चुकवत नाहीत*. वारकऱ्याला "तुमची श्रद्धा काय" असं कुणी विचारत नाही. "कितवी वारी?" असं विचारतात. श्रद्धेला मराठीत अनेकवचनाची फारशी सवयही नाही, "माझ्या वैयक्तिक आध्यात्मिक श्रद्धा" हे आत्ताआत्ताचं, भाषांतरातून आलेलं. भाचीबाई, आत्या कोण होत्या ते सोडा. काय करत ते लिहा.

आत्याची भाची

तसंच केलं. काल रात्री काकांना हे सगळं वाचून दाखवलं. टिळकांपाशी ते गप्प झाले. "सर्वधर्मसमभाव" काढायला तयार झाले, पण अट घातली की शिबिरांचं लिहायचं नाही, कारण आत्या पहिल्या शिबिरात तिसऱ्या दिवशी काकांना चिठ्ठी पाठवून बोलवून घेत होती. मी म्हटलं, दुसऱ्यांदा पूर्ण केलं ना? मग राहिलं.

आता वाक्य असं आहे :

"पहाटे शुभवर्तमान आणि संध्याकाळी हरीपाठ वाचत. इगतपुरीला दोनदा गेल्या. नाईट ड्युटी कधी चुकवली नाही."

चालेल?

कोशातला किडा

"हरिपाठ". रि ऱ्हस्व. वर तुम्ही स्वतःच बरोबर लिहिलाय.

आत्याची भाची

तो काकांचा हात आहे. दुरुस्त करते.