[मंडळ-चर्चा] अंकाच्या लॅपटॉपवर पाटी आली आहे, दाबू का?

प्रेषक: अण्णा, विश्रामबाग
८ ऑक्टोबर २०२५

मंडळी,

कोजागिरीचे फोटो नंतर बघा, आधी हे बघा. आपल्या दिवाळी अंकाच्या लॅपटॉपवर सकाळपासून अख्खा पडदा भरून पाटी येते आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपणार, तुमचं मशीन ११ साठी पात्र आहे, फुकट आहे, घ्या. मी 'नंतर आठवण करा' दाबतो, ती गुमान जाते आणि चहा पिऊन येईपर्यंत पुन्हा हजर. अंकाची पानं अजून लागायची आहेत. प्रेसला १५ ला पीडीएफ द्यायची, वसुबारसेच्या आत गठ्ठा सांगलीहून नेदरलँड्सच्या कुरिअरला गेला तर तिकडे मंडळाच्या २५ च्या कार्यक्रमात वाटता येईल. सुहास अध्यक्ष असताना विंडोज ७ वरून १० ला गेलो तेव्हा कोणी काय केलं होतं?

हो की नाही एवढंच सांगा. भाषण नको.

अण्णा

---

प्रेषक: मिलिंद, आइंटहोवन
८ ऑक्टोबर

अण्णा,

हो. दाबा. आता कारण सांगतो, त्याला भाषण म्हणू नका.

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं. १४ तारखेनंतर त्याला सुरक्षेचे पॅच मिळणार नाहीत. म्हणजे त्यात नवीन भोक सापडलं तर ते बुजवायला कोणी येणार नाही. आपल्या लॅपटॉपवर सभासदांची यादी आहे, पत्ते आहेत, वर्गणीचा हिशेब आहे. ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्युअर बूट ही सोय आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आपल्यात ते सगळं आहे म्हणून तर ती पाटी आली. माझ्या घरच्या सातव्या पिढीच्या मशीनला विचारतसुद्धा नाहीत.

आणि नाही आवडलं तर दहा दिवसांच्या आत सेटिंग्जमधून परत १० वर जाता येतं. फाइली जागच्या जागी राहतात.

मिलिंद

---

प्रेषक: पिंट्या (डीटीपी, गावभाग)
८ ऑक्टोबर

अण्णा, दाबू नका. मिलिंददादा, तुमचं सगळं बरोबर आहे, पण अंकाची पानं ज्यात लावतो ते पेजमेकर तुम्ही चालवत नाही.

अंकाचा फॉन्ट डोंगलवर चालतो, म्हणजे ती छोटी किल्ली मशीनला खोचली तरच. त्या डोंगलची मशीनला ओळख करून देणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, लई जुना आहे, मीच टाकलाय. विंडोज ११ मध्ये कोअर आयसोलेशनखाली मेमरी इंटिग्रिटी म्हणून एक बटण असतं. ते चालू असलं की असले जुने ड्रायव्हर दारातच अडवतं. मग पानं उघडतील, पण अक्षरांच्या जागी एबीसीडी दिसेल. बंद करता येतं, पण ते बंद करायचं असेल तर सुरक्षेसाठी ११ घेतलं कशाला?

दुसरं म्हणजे बॅटरी. अण्णा, त्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, वायर निसटली की फट् बंद. परतीच्या पावसाचे दिवस आहेत, संध्याकाळी ढग आले की विश्रामबागेत लाईट जाते. अपग्रेड ६० टक्क्यांवर असताना गेली तर काय करणार? मिरवणुकीत ट्रॅक्टर बंद पडावा तसं होईल, पुढं ढकलता येत नाही अन् मागं घेता येत नाही.

दहा दिवसांचं पण ऐका. मध्ये कोणी जागा करायची म्हणून डिस्क क्लीनअप मारलं आणि त्यात जुन्या विंडोजचा फोल्डर उडाला, तर परतीचा रस्ता बंद. अण्णांना क्लीनअप मारायची सवय आहे.

---

प्रेषक: अण्णा, विश्रामबाग
८ ऑक्टोबर

क्लीनअप मारायची सवय म्हणजे काय? डिस्क भरली की मशीन रखडतं, मग मारावंच लागतं. असो. एक हो, एक नाही. तिसऱ्याने बोला.

---

प्रेषक: रोहिणी, रॉटरडॅम
९ ऑक्टोबर

अण्णा, मूळ प्रश्न विंडोजचा नाहीच. मूळ प्रश्न पेजमेकरचा आहे. पेजमेकर ७ निघालं २००१ मध्ये. त्यानंतर ते कोणी पुढे नेलं नाही, ॲडोबी कंपनीनेच सगळ्यांना आपल्या नव्या इनडिझाइनकडे वळवलं. आपण युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, लेख मागवतो, मग ते त्या जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर करतो, मग पिंट्या आणि अण्णा रात्र जागवतात. मागच्या वर्षीच्या माझ्या लेखात 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'ऱ्हास' या तिन्ही ठिकाणी र तुटून त्याची नुसती काडी उरली होती. अण्णांनी हाताने दुरुस्त केलं, तरी एक 'कुऱ्हाड' तशीच छापून आली.

युनिकोडवर आलो तर डोंगल नको, ड्रायव्हर नको, कोणतंही विंडोज चालेल. फक्त नव्या मशीनवर मंगल, कोकिळा, अपराजिता हे फॉन्ट आपोआप असतीलच असं नाही. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्सखाली 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' म्हणून आहे, ते घ्यावं लागतं. निर्मला मात्र असतोच.

---

प्रेषक: पिंट्या (डीटीपी, गावभाग)
९ ऑक्टोबर

रोहिणीताई, 'कुऱ्हाड' मुद्रितशोधकाकडून सुटली, फॉन्टकडून नाही. आणि अंक निर्मलामध्ये लावला तर तो बँकेच्या फॉर्मासारखा दिसेल. शीर्षकाला जे वळण त्या जुन्या फॉन्टमध्ये आहे ते मला युनिकोडमध्ये दाखवा, मी उद्या बदलतो.

---

प्रेषक: सदानंदकाका, हेग
९ ऑक्टोबर

सर्वांना नमस्कार. विषयाशी संबंध नाही, पण कुरिअर सांगलीहून निघणारच आहे तर त्यात भडंग घालता येईल का? लसणाचं. मागच्या खेपेला फुटून अंकाच्या गठ्ठ्यात गेलं होतं, तरी दुहेरी पिशवीत घालावं. पैसे लगेच पाठवतो.

---

प्रेषक: शैलाताई (कोषाध्यक्ष), उट्रेख्त
९ ऑक्टोबर

सदानंदकाका, अंकाच्या कुरिअरमध्ये फक्त अंक जातील. हे कार्यकारिणीत ठरलं आहे, तुम्ही त्या बैठकीला होतात.

अण्णा, १५ तारखेला लॅपटॉप बंद पडणार नाही. विंडोज १० चालतच राहणार, फक्त दुरुस्त्या थांबणार. आणि मधला रस्ता आहे, त्याचं नाव कोणी घेत नाही म्हणून मी घेते. एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, ईएसयू. त्यात नाव नोंदवलं की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे पॅच मिळतात. विकत घेतलं तर ३० डॉलर, पण फुकटातही होतं. एका खात्यावर दहा मशीनं चालतात. ग्रंथालयाचे दोन जुने लॅपटॉप त्यातच बसतील, नवीन घ्यायला मी या वर्षी पैसे मोकळे करणार नाही.

---

प्रेषक: मिलिंद, आइंटहोवन
९ ऑक्टोबर

शैलाताई, ईएसयू मला माहीत होतं, पण ते एक वर्ष पुढे ढकलणं आहे. वर्षभराने हीच चर्चा याच लिस्टवर होणार. असो, युरोपात ते बॅकअपची अट न घालता फुकट आहे, करून टाका.

---

प्रेषक: रोहिणी, रॉटरडॅम
९ ऑक्टोबर

दादा, लॅपटॉप विश्रामबागेत आहे. विश्रामबाग युरोपियन इकॉनॉमिक एरियात कधी गेलं?

तिकडे फुकट हवं असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याने आत शिरून विंडोज बॅकअपमधून सेटिंग्ज सिंक करावी लागतात, किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट द्यावे लागतात. फक्त सेटिंग्ज. अण्णा, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सचे खटके बंद ठेवा, नाहीतर अंकाची स्कॅन केलेली चित्रं मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन कप्प्यात, वनड्राइव्हवर, चढायला लागतील आणि फुकटचे ५ जीबी दुपारपर्यंत संपतील.

---

प्रेषक: अण्णा, विश्रामबाग
९ ऑक्टोबर

हे बरं वाटतं. पण लॅपटॉपवर आम्ही 'मंडळ' नावाने जातो, पासवर्ड आहे, ईमेल कुठलाच नाही. मायक्रोसॉफ्ट खातं कोणाचं घालू? माझं घालू का?

---

प्रेषक: शैलाताई (कोषाध्यक्ष), उट्रेख्त
९ ऑक्टोबर

कोणाचंही खाजगी नको. अण्णा, तुमच्याबद्दल शंका नाही, पण उद्या लॅपटॉप दुसऱ्याकडे गेला की तुमच्या खात्यावर बसलेलं सगळं घेऊन आम्ही कुठे जायचं? मंडळाचं खातं आहे. सुहास अध्यक्ष असताना उघडलं होतं. तेच घाला.

---

प्रेषक: मिलिंद, आइंटहोवन
९ ऑक्टोबर

त्या खात्याचा पासवर्ड माझ्याकडे आहे, पण ओटीपी सुहासच्या जुन्या डच नंबरवर जातो. सुहास टोरांटोला गेला, नंबर गेला. तोपर्यंत माझं खातं घाला, नंतर बदलू.

---

प्रेषक: शैलाताई (कोषाध्यक्ष), उट्रेख्त
९ ऑक्टोबर

मिलिंद, 'तोपर्यंत तुझं' असं म्हणून वेबसाइटचं डोमेन अजून तुझ्याच कार्डावर आहे.

---

प्रेषक: रोहिणी, रॉटरडॅम
९ ऑक्टोबर

नवीन खातं उघडा की. पाच मिनिटांचं काम आहे.

---

प्रेषक: मिलिंद, आइंटहोवन
९ ऑक्टोबर

डोमेनचं नूतनीकरण मी दर वर्षी स्वतःच्या खिशातून करतो, तेही कोणी म्हणत नाही. ते राहू दे.

खात्याचा नियम असा आहे. जुना नंबर किंवा जुना ईमेल यातलं एक जरी हाताशी असेल तर नवीन नंबर लगेच जोडता येतो. काहीच नसेल आणि सगळी माहिती एकदम बदलायला गेलात तर ३० दिवस थांबावं लागतं. म्हणून सुहासने आधी बघावं की खात्याला त्याचा ईमेल जोडलेला आहे का.

आणि हे खातं कोणाचं हा फालतू वाद नाही. आमच्या शेजारच्या मुलाचा लॅपटॉप एका दुकानदाराने नव्याने विंडोज टाकून दिला. डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झाली आणि तिची किल्ली दुकानदाराने घाईत उघडलेल्या कुठल्याशा खात्यात जाऊन बसली. काही दिवसांनी मदरबोर्डची दुरुस्ती झाली आणि मशीन ४८ आकडी किल्ली मागायला लागलं. खातं कोणाला आठवेना. मुलाचा प्रबंध त्यात. अखेर डिस्क पुसूनच मोकळी केली.

---

प्रेषक: विद्यावहिनी, टोरांटो
९ ऑक्टोबर

हे झोपलेत. इथे पहाट आहे. रात्रीपासून यांच्या ईमेलवर मंडळाच्या खात्याचे कोड येत आहेत, फोन सारखा वाजतोय. कोण मागतंय ते कोड?

---

प्रेषक: पिंट्या (डीटीपी, गावभाग)
९ ऑक्टोबर

अण्णा असतील.

---

प्रेषक: अण्णा, विश्रामबाग
९ ऑक्टोबर

मीच. म्हटलं बघू तरी कुठे जातो तो कोड. म्हणजे सुहासचा ईमेल जोडलेला आहे, हे सिद्ध झालं. वहिनी, त्याला म्हणावं तुमच्याकडे सकाळचे आठ वाजले की मी मागेन, म्हणजे इथे साडेपाच. कोड आला की लगेच फोनवर सांगायचा. लिस्टवर टाकायचा नाही.

---

प्रेषक: पिंट्या (डीटीपी, गावभाग)
१० ऑक्टोबर

काही दाबायच्या आधी बॅकअप, अण्णा. पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. आणि ती डिस्क वरच्या मजल्यावर ठेवा. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. दुकानातली मशीनं आम्ही माळ्यावर चढवली होती, पण जुन्या अंकांच्या सीडींचं खोकं टेबलाखालीच राहिलं. पाणी उतरल्यावर बघितलं तर सीडीवरचा चकाकणारा पापुद्रा साबणाच्या फुग्यासारखा सुटून आला होता, बोट लावलं की निघायचा. २००५ च्या आधीचे अंक त्यात गेले. विश्रामबागेत पाणी येत नाही म्हणून निवांत राहू नका. डिस्क खालीही पडते.

---

प्रेषक: सदानंदकाका, हेग
१० ऑक्टोबर

२००५ च्या आधीचे अंक माझ्याकडे छापील आहेत, सगळे. कोणी स्कॅन करणार असेल तर हेगला यावं. चहा आणि भडंग (असल्यास) मिळेल.

---

प्रेषक: सुहास, टोरांटो
१० ऑक्टोबर

अण्णांना कोड दिला. आत गेले. त्यांचा सांगलीचा नंबर आणि शैलाताईंचा ईमेल दोन्ही खात्याला जोडले. माझा ईमेल शैलाताईंनी वेळ मिळाला की काढावा, फोन रात्री वाजतो.

७ वरून १० चं विचारलं होतंत. तेव्हाचा लॅपटॉप माझ्याकडे होता आणि अंक आधीच छापून झाला होता. दिवाळीच्या तोंडावर आपण कधीच काही बदललं नाही. माझं मत विचाराल तर पिंट्याच्या बाजूने.

---

प्रेषक: अण्णा, विश्रामबाग
१० ऑक्टोबर

झालं. विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' होतं, ते दाबलं. सेटिंग्जचा बॅकअप विचारला, हो म्हटलं, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्सचे खटके रोहिणीने सांगितल्याप्रमाणे बंद. आता तिथे १३ ऑक्टोबर २०२६ अशी तारीख दिसते. पेजमेकर उघडलं, पान ४६ जसंच्या तसं. डोंगलचा दिवा लागतो. पाटी आली तर मी 'नंतर' दाबेन, मला आता सवय झाली आहे.

मिलिंद, राग मानू नकोस. ११ ला माझा विरोध नाही. अंकाच्या आठवड्यात विरोध आहे.

---

प्रेषक: मिलिंद, आइंटहोवन
१० ऑक्टोबर

राग नाही. पण नोव्हेंबरच्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्या: एक, लॅपटॉपचं अपग्रेड. दोन, युनिकोड. तीन, डोमेन कोणाच्या नावावर.

---

प्रेषक: शैलाताई (कोषाध्यक्ष), उट्रेख्त
१० ऑक्टोबर

तिसरा विषय पहिला घेऊ.

---

प्रेषक: पिंट्या (डीटीपी, गावभाग)
१० ऑक्टोबर

अण्णा, पाडव्यानंतर लॅपटॉप दुकानात आणा, चार्जर आणि डोंगल दोन्ही बरोबर असू द्या. आतली डिस्क काढून बाजूला ठेवतो, दुसऱ्या रिकाम्या एसएसडीवर ११ टाकतो आणि डोंगल बसतोय का ते बघतो. नाही बसला तर जुनी डिस्क परत आत, कोणाचं काही गेलं नाही. बसला तर जानेवारीत निवांत करू. रोहिणीताई, त्याच एसएसडीवर तुमच्या युनिकोडमध्ये मागच्या अंकाची चार पानं लावून पाठवतो, शीर्षकासकट. मग बोला.

बॅटरीची ऑर्डर आजच देतो, दिवाळीत माल अडकतो. शैलाताई, बॅटरी आणि एसएसडी दोन्हीचं बिल मंडळाच्या नावाने करू की अण्णांच्या?