पातळ लॅपटॉप की ताकदवान? वजन आधी बघा, असं माझं म्हणणं

टिटवी

लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की आधी प्रोसेसर, मग ग्राफिक्स कार्ड, मग रॅम बघायची आणि वजनाकडे सगळ्यात शेवटी नजर टाकायची, अशी पद्धतच पडून गेली आहे. सल्ला देणारेही तसाच देतात: "जमेल तेवढा दणकट घे, पुढे उपयोगी पडेल." मला हा सल्ला मनापासून चुकीचा वाटतो, म्हणून हा धागा काढते आहे.

दणकट लॅपटॉप साधारण सव्वादोन ते अडीच किलोचा असतो. पण हे नुसत्या यंत्राचं वजन. त्याचा २३० किंवा ३३० वॉटचा अडॅप्टर पाऊण ते एक किलो भरतो आणि जाहिरातीत तो कुठेच मोजलेला नसतो. पातळ लॅपटॉप सव्वा किलोच्या आसपास, आणि त्याला ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर पुरतो, तोच फोनलाही चालतो. म्हणजे रोज पाठीवर तीन-साडेतीन किलो घ्यायचे की दीड, असा खरा प्रश्न आहे.

बरं, एवढं वजन उचलून ती ताकद सोबत येते का? तर नाही येत. जरा हिशेब करा. ग्राफिक्स चिप जोरात चालली की ११५ वॉट खाते, प्रोसेसर ४५ वॉट. विमानात विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-तास आहे, त्यामुळे सगळ्यात मोठ्या लॅपटॉपची बॅटरीही ९९च्या पुढे सहसा जात नाही. ९९ला १६०ने भागा, पाऊण तासही निघत नाही. म्हणून चार्जर काढला की कंपन्या या यंत्रांचा वेग आपोआप खाली आणतात. मग उरतो तो एक जड लॅपटॉप, जो पूर्ण ताकदीने फक्त प्लगपाशी चालतो.

पातळ म्हणजे दुबळा, हे समीकरण एके काळी खरं होतं. २००८ साली पहिला मॅकबुक एअर आला तेव्हा त्यात २ जीबी रॅम, संथ ८० जीबी हार्ड डिस्क आणि एकच यूएसबी पोर्ट होतं. नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपचा एअर आला, त्याला पंखासुद्धा नाही, आणि लोक त्यावर फोर-के व्हिडिओ संपादित करू लागले, तेही बॅटरीवर, वेग न घटता. तेव्हाच हा प्रश्न बहुतेकांसाठी सुटला होता. आपण अजून जुन्या भीतीपोटी किलो-किलो वजन वाढवत बसलो आहोत.

विरोधी मतं जरूर यावीत, पण कामाचा प्रकार सांगून यावीत.

खटपट्या

असहमत, आणि तुम्ही दिलेल्या उदाहरणावरूनच असहमत.

एम१ एअर ज्या दिवशी जाहीर झाला त्याच दिवशी १३ इंची मॅकबुक प्रोसुद्धा जाहीर झाला होता. चिप तीच. मोठा फरक म्हणजे प्रोला पंखा आहे. छोट्या कामात दोघे बरोबरीने चालतात. पण लांबलचक एक्सपोर्ट किंवा मोठं कोड कंपाइल करायला लावा, काही मिनिटांनी एअर तापतो आणि वेग उतरवतो, प्रो तसाच चालत राहतो. उष्णता बाहेर काढण्याची सोय किती महत्त्वाची असते, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा सापडणार नाही.

विंडोजच्या पातळ यंत्रांत हे आणखी ठळक दिसतं. इंटेलचा आय७-१२५५यू घ्या. कागदावर त्याची मूळ मर्यादा १५ वॉट आणि टर्बोची, म्हणजे थोड्या वेळापुरत्या वाढीव वेगाची, ५५ वॉट. ५५ वॉट मिळतात ते थोडा वेळ. मग तो हळूहळू १५च्या, किंवा लॅपटॉप कंपनीने जी ठरवली असेल त्या, मर्यादेकडे सरकतो. दुकानात उभं राहून दोन-चार विंडो उघडून बघणाऱ्याला तो भन्नाट वेगवान वाटतो, कारण तेवढ्या वेळात टर्बो संपतच नाही. बेंचमार्क, म्हणजे वेग मोजणाऱ्या चाचण्याही बऱ्याचशा तेवढ्याच वेळात आटपतात.

"पातळ यंत्रही तेवढंच वेगवान" हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. किती वेळ तेवढंच वेगवान, तेही सांगा.

दगडफूल

टिटवी यांच्याशी पूर्ण सहमत. माझं काम भाषांतराचं आणि मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचं. समोरचा माणूस बोलतोय आणि लॅपटॉपचा पंखा घोंघावतोय, हे मला परवडत नाही. तो आवाज नंतर काढायला गेलं की माणसाचा आवाजही खरवडला जातो. ताकदवान यंत्र शांत मोडवर टाकता येतं, हे माहीत आहे. पण शांत मोड म्हणजे ताकद कमी करणंच ना? जी ताकद बंद ठेवूनच वापरायची ती खांद्यावर का वाहायची?

घनवर्तुळ

कामाचा प्रकार सांगा म्हणालात, सांगते. वास्तुरचना. रेव्हिटमध्ये इमारतीचं मॉडेल, त्यावरून रेंडर, म्हणजे खरीखुरी वाटणारी चित्रं, कधी मॉडेलमधून चालत फिरण्याचा व्हिडिओ.

पहिली गोष्ट, रेव्हिट फक्त विंडोजवर चालतं. यंत्रभागांच्या रचनेचं सॉलिडवर्क्ससुद्धा. त्यामुळे एम१चं कौतुक माझ्या उपयोगाचं नाही. २०२४पासून विंडोजचे नव्या आर्म चिपवाले (फोनसारख्या, कमी वीज खाणाऱ्या चिपचे) पातळ लॅपटॉप आले आहेत, बॅटरी छान टिकते त्यांची, पण आपलं सॉफ्टवेअर आणि प्लगइन त्यावर चालतात का, हे एकेक करून तपासावं लागतं. मला तो धोका नको.

दुसरी गोष्ट ग्राफिक्स कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची. अनेक रेंडर इंजिनं कुडावर, म्हणजे एनव्हिडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डांवरच चालणाऱ्या प्रणालीवर, बसवलेली आहेत. दृश्य मोठं झालं, झाडं-फर्निचर-टेक्स्चर भरले आणि ते कार्डाच्या ८ जीबीत मावलं नाही, तर एक तर इंजिन साध्या रॅमचा आधार घेऊन कमालीचं संथ होतं, नाही तर रेंडर सरळ बंद पडतो. इथे "थोडा वेळ लागेल" एवढ्यावर भागत नाही, काम होतच नाही.

तुमचा बॅटरीचा हिशेब बरोबर आहे आणि मला त्याचा काहीही त्रास नाही. मी जिथे जाते तिथे प्लग असतो. कॉलेजात असतो, ऑफिसात असतो, ग्राहकाच्या बैठकीच्या खोलीत असतो. मला एका प्लगपासून दुसऱ्या प्लगपर्यंत ताकद न्यायची आहे. ती मी डेस्कटॉपने नेऊ शकत नाही.

टिटवी

@घनवर्तुळ, तुमचा मुद्दा पटतो, तुमच्यासारख्यांना ताकद हवीच. माझा रोख तुमच्यावर नाही. माझा रोख त्या पालकांवर आणि मित्रांवर आहे, जे वाणिज्य शिकणाऱ्या मुलीलाही "पुढे लागेल" म्हणून गेमिंग लॅपटॉप घ्यायला लावतात. ती मुलगी एक्सेल, ब्राउझर आणि व्हिडिओ कॉल वापरते. तिच्या खांद्याचा विचार कोणी करत नाही. शेवटी ती लॅपटॉप घरीच ठेवते आणि वर्गात वहीत लिहिते. न नेलेल्या लॅपटॉपची ताकद शून्य.

@खटपट्या, किती वेळ हा प्रश्न योग्यच आहे. पण वॉट आणि वेग एका मापात वाढत नाहीत, हेही सांगा ना. चिप खाते ती वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते, आणि फ्रिक्वेन्सी वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं. म्हणजे शेवटचा थोडासा वेग मिळवायला भरमसाट वीज आणि उष्णता खर्च होते. १५ वॉटचं यंत्र ४५ वॉटच्या एक तृतीयांश वेगाने चालतं असं मुळीच नाही.

खटपट्या

हे खरं आहे, आणि म्हणूनच मी ताकदवान यंत्र घेऊन त्याची मर्यादा थोडी खाली ओढून वापरतो. उष्णता बरीच उतरते, वेग किंचित. पण मोठ्या यंत्रात ही निवड माझ्या हातात असते. पातळ यंत्रात ती कंपनीने आधीच करून टाकलेली असते आणि वर जायला वाटच नसते.

कोनाडा

दोन्ही बाजू एक सापळा विसरत आहेत: जो लॅपटॉप पातळही आहे आणि ताकदवान असल्याचाही दावा करतो.

ग्राफिक्स चिपच्या नावावर जाऊ नका. आरटीएक्स ४०६० हे एकच नाव, पण लॅपटॉपमध्ये ती ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कुठेही बांधलेली असू शकते. ४०७०चंही तेच. जास्तीचे वॉट मिळालेली ४०६० उपाशी ठेवलेल्या ४०७०ला मागे टाकू शकते, आणि मेमरी दोन्हींत ८ जीबीच. २०१७ साली एनव्हिडियाने मॅक्स-क्यू हा प्रकार आणला तेव्हा निदान नावात तरी कळायचं की ही कमी विजेवर चालणारी आवृत्ती आहे. पुढे तो शेपटा नावातून गेला. आता तांत्रिक माहितीच्या पानावर टीजीपीचा, म्हणजे ग्राफिक्स चिपला मिळणाऱ्या कमाल वॉटचा, आकडा स्वतः शोधावा लागतो. तो दिलेलाच नसेल तर मी तो लॅपटॉप यादीतून काढून टाकतो.

त्याहून मोठी गल्लत ४०९०ची. लॅपटॉपमधल्या ४०९०च्या आत डेस्कटॉपच्या ४०८०ची चिप आहे आणि मेमरी १६ जीबी, डेस्कटॉपच्या ४०९०ला २४ जीबी. नाव तेच ठेवून कमी माल देणं मला ग्राहकाची फसवणूकच वाटते.

रानवाट

ताकदवान यंत्राच्या बाजूने एक मुद्दा राहिलाय: आयुष्य. जाड लॅपटॉपमध्ये बहुधा रॅमचे दोन स्लॉट आणि एसएसडीसाठी एखादी जास्तीची जागा असते. चार-पाच वर्षांनी रॅम वाढवली की यंत्र पुन्हा कामाला लागतं. पातळ यंत्रात रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली. ८ जीबी घेतली तर शेवटपर्यंत ८ जीबी. आणि रॅमची चिप बिघडली की अख्खा बोर्ड बदला. एलपीकॅम२ नावाचा काढता-घालता येणारा पातळ रॅमचा प्रकार २०२४मध्ये लेनोवोच्या थिंकपॅड पी१मध्ये आला, पण असे लॅपटॉप अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत.

धडधाकट यंत्र केवळ रॅम कमी पडते म्हणून कचऱ्यात जातं, याचा मला राग येतो.

टिटवी

@रानवाट, रागात मी तुमच्यासोबत आहे. माझा उपाय एवढाच, पातळ घ्यायचा तर रॅमवर पैसे वाचवू नका. प्रोसेसर एक पायरी खालचा चालेल, रॅम १६ जीबीच्या खाली नको आणि जमत असेल तर ३२. प्रोसेसरमधला फरक रोजच्या कामात जाणवतही नाही, रॅम कमी पडली की प्रत्येक क्लिकला जाणवते.

आयुष्याचं म्हणाल तर बॅटरीचाही विचार करा. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी मारक असतात, उष्णता आणि सतत १०० टक्के भरलेलं असणं. कायम प्लगला लावलेलं, तापलेलं गेमिंग यंत्र या दोन्ही देतं. ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावं, बहुतेक कंपन्या ती सोय देतात.

आणि जड काम कधीमधीच असेल तर डेस्कटॉप घरी ठेवा आणि पातळ लॅपटॉपवरून त्याला दूरून जोडून घ्या. दोन यंत्रं, पण प्रत्येक आपापल्या जागी.

घनवर्तुळ

दूरून जोडणं तेव्हाच, जेव्हा नेटवर्क चांगलं असेल. ग्राहकासमोर मॉडेल फिरवून दाखवताना चित्र अडखळलं तर त्याला वाटतं माझी तयारी नाही. शिवाय भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या विद्यार्थ्याने डेस्कटॉप ठेवायचा कुठे?

बाहेरून जोडायच्या ग्राफिक्स कार्डाचाही सल्ला येईल, म्हणून आधीच लिहिते. ते ज्या पोर्टला जोडायचं त्या थंडरबोल्ट ३ आणि ४ची मर्यादा सेकंदाला ४० गिगाबिट. डेस्कटॉपमध्ये कार्डाला पीसीआय-एक्स्प्रेसच्या, म्हणजे बोर्डाशी माहितीची देवाणघेवाण करणाऱ्या, १६ मार्गिका मिळू शकतात, इथे फार तर चार, त्याही जुन्या पिढीच्या. म्हणजे कार्डाचे पैसे पूर्ण आणि वेग कापलेला. आणि तो डबा परत टेबलावरच.

कोनाडा

ज्यांना अजून ठरवता येत नाही त्यांनी सध्याच्याच लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडा ठेवून नेहमीचं काम करावं. प्रोसेसर सलग किती मिनिटं ९० टक्क्यांच्या वर राहतो आणि रॅम किती भरते, एवढं लिहून काढा. सलग चढ दिसतच नसेल तर टिटवींचं ऐका. दिसत असेल आणि तेवढा वेळ तुम्ही हात बांधून बसत असाल, तर खटपट्यांचं. घनवर्तुळ, तुम्ही १४ इंची, पावणेदोन किलोच्या आतला, मध्यम वॉटचा एखादा बघितलात का? रोजचं वजन बरंच कमी होईल.

घनवर्तुळ

बघितला. मेमरी ८ जीबी, रॅम बोर्डावर डागलेली आणि पडदा एवढा लहान की रेव्हिटच्या पट्ट्या उघडल्या की आराखड्याला अर्धीच जागा उरते. तेवढ्यासाठी मी किलोभर जास्त उचलायला तयार आहे. १६ इंची घेते आहे, १२ जीबी मेमरीचा आणि रॅमचे दोन स्लॉट असलेला.

टिटवी

घ्या, तुमच्या कामाला तोच बरोबर आहे. फक्त अडॅप्टरचं वजन विचारून घ्या, आणि हलक्या दिवसांत टाइप-सीवर चार्ज होतो का तेही. २०२१मध्ये टाइप-सीची मर्यादा १०० वरून २४० वॉटवर गेली आहे, पण बऱ्याच जड लॅपटॉपमध्ये ते पोर्ट अजून १०० वॉटच घेतं. लिहिण्या-वाचण्याच्या दिवशी तेवढं पुरतं, मोठा अडॅप्टर घरीच ठेवता येतो.