मदत हवी आहे: एजंट भलतंच टूल उचलतो, वर्णनं कशी लिहावीत?

कळफलक:
ऑर्डरच्या चौकशीसाठी एजंट (म्हणजे टूल्स, कोडमधली ठरावीक फंक्शन्स, स्वतः निवडून वापरणारं भाषा मॉडेल) बांधतोय. एकूण सात टूल्स आहेत, घोळ या तिघांत होतो (नावं इथे देवनागरीत, कोडमध्ये अर्थातच रोमन):

गेट_ऑर्डर – "ऑर्डरची माहिती मिळवते."
सर्च_ऑर्डर्स – "ऑर्डर शोधते."
कॅन्सल_ऑर्डर – "ऑर्डर रद्द करते."

ग्राहकाने नुसता फोन नंबर दिला तरी मॉडेल गेट_ऑर्डर उचलतं आणि आयडीच्या जागी फोन नंबर कोंबतं. "गेल्या आठवड्यातल्या ऑर्डरी" म्हटलं की तारीख दरवेळी वेगळ्या साच्यात येते. "रद्द केली तर पैसे कधी मिळतील?" एवढंच विचारलं तरी थेट रद्द करायला निघतं. सिस्टम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला आधीच दिलेल्या कायमच्या सूचनांत) "योग्य टूल निवड" लिहून झालं, फरक शून्य. मॉडेल बदलू की वर्णनं?

अर्धविराम:
वर्णनं. टूलच्या आतला कोड मॉडेलला दिसत नाही. नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (टूलला कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची त्याचा आराखडा), एवढ्यावर त्याला निवड करायची असते. "माहिती मिळवते" आणि "शोधते" यांतला फरक माणसालाही सांगता येणार नाही. गेट_ऑर्डरसाठी असं काहीतरी लिहा:

"एका ऑर्डरची स्थिती, वस्तू आणि एकूण रक्कम देते. ऑर्डर आयडी माहीत असेल तेव्हाच वापरा. फक्त फोन, ईमेल किंवा तारीख असेल तर आधी सर्च_ऑर्डर्स वापरा. डिलिव्हरीची अंदाजे तारीख यात मिळत नाही."

तिसरं वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि तुमचा फोन नंबरचा घोळ नेमका त्याच्याच अभावी होतोय. शेवटचं गाळलं तर मॉडेल डिलिव्हरीची तारीख मनानेच ठोकून देण्याची शक्यता वाढते.

पॅरामीटरचं नाव नुसतं "आयडी" असेल तर "ऑर्डर_आयडी" करा आणि त्याच्या वर्णनात साचा उदाहरणासकट द्या: "ओआरडी- आणि पुढे 8 अंक, उदा. ओआरडी-00418273".

उंबरठा:
तारखेसाठी एकच मोकळं पॅरामीटर नको. फ्रॉम_डेट आणि टू_डेट ठेवा, दोन्ही आयएसओ 8601 प्रमाणे, म्हणजे 2025-03-09 असं. शेवटचा दिवस धरायचा की नाही आणि टाइमझोन कोणता, हेही लिहा. शिवाय आजची तारीख सिस्टम प्रॉम्प्टमध्ये दिलीत का? ती दिल्याशिवाय मॉडेल "गेला आठवडा" मोजणार कशावरून? ऑर्डरच्या स्थितीसाठी मोकळा मजकूर न घेता इनम (ठरावीक पर्यायांची यादी) द्या.

एररचा मजकूरही सुधारा. "400 अवैध विनंती" वाचून मॉडेल तेच कॉल पुन्हा करत बसतं. त्याऐवजी: "ऑर्डर_आयडी ओआरडी- ने सुरू व्हायला हवा. फोन नंबर असेल तर सर्च_ऑर्डर्स वापरा." मग पुढच्या फेरीत ते सहसा स्वतःच सावरतं.

कळफलक:
आणि रद्दचं काय? "अत्यंत महत्त्वाचे! विचारल्याशिवाय कधीही वापरू नका!" असं टाकू का?

अर्धविराम:
आरडाओरडा नको. खरोखर रद्द करायची असते तेव्हाही मॉडेल मग कचरतं. साधं लिहा: "ऑर्डर कायमची रद्द करते, पूर्ववत करता येत नाही. ग्राहकाने ठरावीक ऑर्डर रद्द करायला स्पष्ट सांगितल्यावरच वापरा. परताव्याच्या चौकशीसाठी रिफंड_पॉलिसी." असं टूल तुमच्या सातांत आहे का? नसेल तर दुखणं तिथेच आहे. परताव्याच्या प्रश्नाला जवळचं टूल तेवढं एकच उरतं.

आणि वर्णनाच्या भरवशावर राहू नका, रद्द करण्याआधीची पुष्टी कोडमध्येच घ्या. एमसीपीतलं (मॉडेलला टूल्स जोडायच्या प्रमाणित पद्धतीतलं) डिस्ट्रक्टिव्ह हिंट, म्हणजे "हे टूल काहीतरी नष्ट करू शकतं" ही खूणसुद्धा नावाप्रमाणे फक्त इशारा देतं, अडवत नाही.

उंबरठा:
तपासायला लॉगमधून तीसेक खऱ्या चौकशा काढा, प्रत्येकीपुढे अपेक्षित टूल आणि आर्ग्युमेंट्स (पॅरामीटरना द्यायची मूल्यं) लिहा. टूल लागूच नये अशा पाच-सहा त्यात हव्यातच. एका वेळी एकच वर्णन बदला, पण चौकशा सगळ्या चालवा, कारण एकाचं वर्णन सुधारलं की शेजारच्या टूलची निवडही हलते. उत्तर दरवेळी तेच येईल असं नाही, म्हणून प्रत्येक चौकशी निदान तीनदा चालवा.

कळफलक:
परताव्याचं टूल नाहीच! आधी ते जोडतो. सर्च_ऑर्डर्स एका वेळी 200 ऑर्डरी परत देतं, ते चालेल?

अर्धविराम:
फार झालं, टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) उगाच जातात. 10 द्या, एकूण किती सापडल्या तो आकडा द्या, आणि पुढचं पान कोणत्या पॅरामीटरने मागायचं ते उत्तरातच लिहा. नाहीतर त्या 10 म्हणजेच सगळ्या, असं मॉडेल ग्राहकाला सांगून मोकळं होईल.