लेव्हल १ नंतर लगेच जे मोटर?
हौशी हाय-पॉवर रॉकेट उडवण्याच्या प्रमाणपत्राची पहिली पायरी, म्हणजे लेव्हल १, एच मोटरवर झाली (एच, आय, ‘जे’ ही मोटरच्या चढत्या ताकदीची अक्षरं). आता तेच रॉकेट ‘जे’ मोटरवर उडवून लेव्हल २ करू का, असा प्रश्न आहे. नियमाने अडत नाही. लेखी परीक्षा पास व्हा, ६४० न्यूटन-सेकंदांच्या (हे मोटरच्या एकूण धक्क्याचं माप) वरची मोटर उडवा, रॉकेट धड परत आणा. ड्युअल डिप्लॉयमेंटची, म्हणजे दोन पॅराशूट दोन टप्प्यांत उघडण्याची, सक्ती नाही.

पण हलकं रॉकेट ‘जे’ मोटरवर सहज हजार मीटरच्या वर जातं. तिथेच मोठं पॅराशूट उघडलं की ते वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे जाणार. म्हणून आधी आय मोटरवर, उंची मोजून पॅराशूट उघडायला लावणारा अल्टिमीटर बसवून निदान तीन उड्डाणं करा: शिखरावर ड्रोग (छोटं पॅराशूट), दीडशे-दोनशे मीटरवर मुख्य पॅराशूट. पॅराशूट बाहेर फेकणाऱ्या ब्लॅक पावडरची चाचणी जमिनीवरच घ्या, तीही शिअर पिना (रॉकेटचे भाग धरून ठेवणाऱ्या, स्फोटाने तुटणाऱ्या पिना) लावून आणि पॅराशूट आत भरून. रिकाम्या नळीवरची चाचणी म्हणजे स्वतःचीच फसवणूक. मोटरचा इजेक्शन चार्ज (पॅराशूट बाहेर फेकणारी मोटरमधलीच दारू) राखीव ठेवा, शिखरानंतर एक-दोन सेकंदांनी उडेल असा. त्याहून फार उशीर झाला तर रॉकेट वेग घेतं आणि शॉक कॉर्ड (रॉकेटचे भाग आणि पॅराशूट जोडणारी दोरी) नळी उभी चिरत जाते.

सलग तीन उड्डाणांत दोन्ही पॅराशूट ठरल्या जागी उघडली, की खुशाल ‘जे’ मोटर लावा.