केळीची आवक आणि भाव: दोन प्रोग्रॅमांमध्ये सीएसव्ही आता पुरे करावी का?

तापीकाठ
रावेर, सावदा, फैजपूर, यावल इथली केळीची आवक नि भाव पायथनमधला प्रोग्रॅम गोळा करतो, तो डेटा जावाचा सर्व्हर वापरतो, अहवाल आर या भाषेत बनतो. मधे सगळीकडे सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींची साधी मजकूर-फाइल. ही देवाणघेवाण अपाची ॲरोच्या (कॉलमनिहाय डेटा ठेवायची पद्धत) आयपीसी या प्रोग्रॅमांमधल्या देवाणघेवाणीच्या स्वरूपात व्हावी, असं माझं ठाम मत आहे. सीएसव्हीसोबत डेटाचा प्रकार जातच नाही. परवाना क्रमांक ००४२५ चा ४२५ होतो. ०३/०४/२०२५ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे वाचणारा ठरवतो. शेरा कोरा होता की नोंदलाच नव्हता, हेही कळत नाही.

ॲरोमध्ये बाजाराच्या नावाचा कॉलम बघा. तीन ओळी: रावेर, नल (नोंदच नाही), सावदा. यासाठी तीन बफर, म्हणजे बाइटांचे सलग तुकडे. पहिल्यात ओळीला एक बिट (१ म्हणजे नोंद आहे, ० म्हणजे नल), उजवीकडून मोजायचं: ०००००१०१. दुसऱ्यात ऑफसेट, म्हणजे शब्द कितव्या बाइटपासून सुरू होतो ते: ०, १५, १५, ३०. तिसऱ्यात नुसता मजकूर, सलग ३० बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट घेतं, काना-मात्राही वेगळ्या मोजायच्या, म्हणून ‘रावेर’चे १५. वाचणाऱ्याने दोन ऑफसेटची वजाबाकी केली की शब्द हातात. स्वल्पविराम शोधत बसायला नको.

मेहरूण
पटलं नाही. हे दोष सीएसव्हीचे नाहीत, शिस्तीचे आहेत. तारीख २०२५-०४-०३ अशी लिहा आणि कॉलमांच्या प्रकारांची छोटी फाइल सोबत द्या, झालं. सीएसव्ही नोटपॅडमध्ये उघडते, चूक डोळ्यांना दिसते. अर्धी लिहून प्रोग्रॅम बंद पडला तरी आधीच्या ओळी शाबूत. ॲरो फाइलचा फूटर (कुठे काय आहे याची सूची) शेवटी लिहिला जातो. तो नसेल तर फाइल वाचणारा ती उघडतच नाही. पार्के या साठवणीच्या फाइल स्वरूपाचंही तेच.

तापीकाठ
भाऊ, आयपीसीची रूपं दोन, फाइल आणि स्ट्रीम (सलग प्रवाह). फूटर फक्त फाइल स्वरूपात असतो, स्ट्रीममध्ये नाही. स्ट्रीममध्ये आधी स्कीमा (कॉलमांची नावं नि प्रकार) येतो, मग बॅचमागून बॅच (ओळींचे गठ्ठे). प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला सगळे बिट १ असलेले ४ बाइट, पुढच्या ४ बाइटांत मेटाडेटाची (संदेशाच्या वर्णनाची) लांबी, मग मेटाडेटा, मग बफर. मधेच तुटलं तर तोवरच्या पूर्ण बॅच वाचता येतात. दोन प्रोग्रॅमांना थेट जोडणाऱ्या पाइप किंवा सॉकेटवर स्ट्रीमच वापरा. हवी ती बॅच थेट गाठायची असेल तरच फाइल. आणि तुमची ती सोबतची छोटी फाइल म्हणजे स्कीमाच की! वेगळी ठेवली की कॉलम बदलतो आणि ती जुनीच राहते.

सातपुडा पायथा
देवाणघेवाण आणि साठवण यांची इथे सरमिसळ होतेय. वर्षानुवर्षांचा साठा पार्केत ठेवा. तीच ती बाजारांची नावं डिक्शनरी (नाव एकदाच लिहून पुढे त्याचा क्रमांक) आणि आरएलईने (सलग तेच मूल्य एकदा लिहून पुढे किती वेळा ते) एकदम आटतात. ॲरोतही डिक्शनरी आहे, पण फाइल स्वरूपात ती मधेच बदलता येत नाही, फक्त वाढवता येते. नवा बाजार आला आणि पूर्ण नवी डिक्शनरी पाठवली की लिहिताना एरर. स्ट्रीममध्ये चालतं. शिवाय बफरांवर एलझेड४ किंवा झेडस्टँडर्डचं कॉम्प्रेशन लावलं की फाइल मेमरी-मॅप करून (डिस्कवरची फाइल थेट मेमरीसारखी वापरून) कॉपीशिवाय वाचण्याचा फायदा गेला, आधी उलगडावंच लागतं.

पांझरा
प्रकार सुरक्षित राहतात, हे वाचणाऱ्याच्या दारापर्यंतच खरं. आवकेच्या पूर्णांक कॉलममध्ये एक जरी नल आला, तर पायॲरोमधून (पायथनची ॲरो लायब्ररी) पँडाजमध्ये (पायथनची तक्त्यांची लायब्ररी) जाताना अख्खा कॉलम फ्लोट (दशांश) होतो, ४२ चे ४२.० होतात. कुठला प्रकार कशात बदलायचा हे सांगणारा टाइप्स-मॅपर दिला तर टळतं. आरमध्ये मुळात ६४ बिटांचा पूर्णांकच नाही. भाव डेसिमल१२८ या अचूक दशांश प्रकारात ठेवला तर पँडाजमध्ये प्रत्येक आकडा स्वतंत्र ऑब्जेक्ट बनतो आणि बेरीज रखडते. भाव पैशांत, पूर्णांकात ठेवा. आणि कृपा करून एकेका ओळीची बॅच पाठवू नका. प्रत्येक बॅचला स्वतःचा मेटाडेटा, प्रत्येक बफर ८ च्या पटीत भरलेला. ओळीपेक्षा वेष्टनच मोठं.

मेहरूण
स्ट्रीमचं मान्य, सर्व्हरपर्यंत ॲरो जाऊ दे. पण अडत्यांना जाणारी प्रत सीएसव्हीच राहील, यावर मी ठाम आहे. ते ती एक्सेलमध्ये उघडतात. तिच्या सुरुवातीला बीओएमचे (फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे, ही खूण) ३ बाइट घाला, नाहीतर ‘सावदा’च्या जागी भलतीच अक्षरं दिसतात.